सहलीच्या वाटेवरचे न घेतलेले थांबे

अमेरिकेत दर वर्षी एक वेगळ्या प्रकारची सहल निघते. बसमध्ये मुलं असतात, पण अंगावर कुठल्या शाळेचा गणवेश नसतो आणि सोबत वर्गशिक्षक नसतात. सोबत असतात आईवडील, बऱ्याचदा धाकटी भावंडंही. ही मुलं शाळेत जातच नाहीत. ती घरी शिकतात. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने आणि बायबलच्या वाचनाने होते. मग बस निघते. कधी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला, कधी व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन आणि विल्यम्सबर्गला, आणि बहुतेक वेळा वॉशिंग्टनला. प्रत्येक ठिकाणी मार्गदर्शक इतिहास सांगतो. त्या सगळ्या इतिहासाला धागा एकच असतो: हा देश ईश्वराच्या योजनेतून उभा राहिला, श्रद्धाळू माणसांनी तो घडवला, आणि पुढच्या पिढीने तो वारसा सांभाळायचा आहे.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या सहलीवर आपण संपादकीय कशाला लिहायचं? त्यांची मुलं, त्यांची बस, त्यांचा इतिहास. पण या सहलीत जो प्रश्न दडला आहे तो प्रत्येक श्रद्धाळू घरासमोर असतो आणि आपल्या घरांसमोर तर रोज असतो. मुलांना आपला इतिहास सांगताना काय सांगायचं आणि काय गाळायचं? दुसऱ्याच्या घरातला हा प्रश्न शांतपणे पाहता येतो. स्वतःच्या घरात तो पाहताना आपला आवाज लगेच चढतो. म्हणून आधी त्यांच्या बसमध्ये बसू या.

आधी त्यांच्या हक्काबद्दल. मुलांना घरी शिकवणं हा तिथल्या पालकांनी लढून मिळवलेला हक्क आहे. १९२२ मध्ये ओरेगन राज्याने प्रत्येक मुलाला सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा केला. त्यामागे कॅथलिक शाळा बंद पाडण्याची इच्छा होती आणि कू क्लक्स क्लॅनने त्याला जोरदार पाठिंबा दिला होता. कॅथलिक जोगिणींच्या एका संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. मूल हे सरकारची मालमत्ता नाही, हे त्या निकालाचं सार होतं. १९७२ मध्ये अमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा मिळाली. १९८३ मध्ये घरी शिकवणाऱ्या कुटुंबांच्या कायदेशीर बचावासाठी एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. पुढे कोविडच्या वर्षात हा प्रवाह आणखी रुंद झाला. अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहणीनुसार, शाळकरी मुलं असलेल्या घरांपैकी २०२० च्या वसंतात ५.४ टक्के घरं मुलांना घरी शिकवत होती; त्याच वर्षीच्या शरदात हे प्रमाण ११.१ टक्क्यांवर गेलं. कृष्णवर्णीय घरांत तर ते ३.३ टक्क्यांवरून १६.१ टक्क्यांवर पोहोचलं.

हा हक्क आपण हलक्याने घेऊ नये. अल्पसंख्य समाजाला त्याची किंमत जास्त कळते. अमेरिकेतली कितीतरी मुस्लिम कुटुंबंही आज याच हक्काच्या आधारावर मुलांना घरी शिकवतात. सरकारी शाळा म्हणजे निर्मळ सत्य आणि घर म्हणजे अंधश्रद्धा, अशी वाटणी करणंही खोटं आहे. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा उल्लेख ‘कामगार’ असा केलेला आढळला. एका कृष्णवर्णीय आईने तो चव्हाट्यावर आणला आणि प्रकाशकाला मजकूर बदलावा लागला. इतिहासातून धर्म वजा करणारी पुस्तकंही अपुरीच असतात. अमेरिकेची वसाहत, गुलामीविरोधी चळवळ, नागरी हक्कांचा लढा, यांतलं काहीही चर्च बाजूला ठेवून समजत नाही. तेव्हा सहल श्रद्धेच्या पायावर आहे, एवढ्यावरून तिला नावं ठेवायचं कारण नाही. पाहायचं ते हे की बस कुठे थांबते आणि कुठून न थांबता पुढे जाते.

पहिला थांबा प्लिमथ. इथे १८८९ मध्ये उभारलेलं ८१ फूट उंचीचं ग्रॅनाइटचं स्मारक आहे. त्याच्या माथ्यावर ‘श्रद्धा’ नावाची स्त्रीमूर्ती आहे. एक हात आकाशाकडे, दुसऱ्या हातात बायबल. पायाशी स्वातंत्र्य, कायदा, नीती आणि शिक्षण यांच्या मूर्ती आहेत. श्रद्धेतून हे चार गुण निघाले आणि त्यांतून देश निघाला, असा तो धडा दगडातच कोरलेला आहे. अशा सहलींचं हे आवडतं ठिकाण असणं स्वाभाविक आहे. १६२० साली इथे उतरलेले लोक खरोखरच श्रद्धेपायी घरदार सोडून आले होते. इंग्लंडमध्ये त्यांचा छळ झाला, ते हॉलंडला गेले, तिथून समुद्र ओलांडला. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातले जवळजवळ निम्मे मेले. ही हकिकत मुलांना सांगावी अशीच आहे.

पण तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर, समुद्राकाठी कोल्स हिल नावाची टेकडी आहे. वाम्पानोआग या मूळ रहिवासी जमातीचे वंशज आणि त्यांचे सोबती १९७० पासून दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तिथे जमतात आणि तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात. पहिला हिवाळा पार पडल्यावर आलेल्या लोकांना त्या जमातीने आधार दिला होता. १६२१ मध्ये त्यांचा प्रमुख मासासॉइट याने शांततेचा करार केला होता. पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्याच्याच मुलाशी, मेटाकॉमशी, वसाहतीचं युद्ध झालं. १६७६ मध्ये मेटाकॉम मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर लावलं गेलं. त्याचा सुमारे नऊ वर्षांचा मुलगा कैदेत होता. त्या मुलाचं काय करायचं, असं वसाहतीने आपल्या धर्मोपदेशकांना विचारलं. काहींनी बायबलमधले दाखले काढून सांगितलं की त्याला मारणं योग्य ठरेल. जेम्स कीथ नावाच्या एका उपदेशकाने त्याच बायबलमधला दुसरा दाखला काढला: बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारू नये. शेवटी त्या मुलाला गुलाम म्हणून विकून टाकण्यात आलं.

सहलीतल्या अनेक मुलांचं वय या मुलाएवढंच असतं. श्रद्धेचा इतिहास शिकवायचा तर यापेक्षा मोठा धडा कुठला? एकच ग्रंथ उघडून एकाने मूल मारायची परवानगी शोधली आणि दुसऱ्याने मूल वाचवायची आज्ञा शोधली. दोघेही श्रद्धाळू होते. ईश्वराच्या योजनेची गोष्ट सांगणाऱ्या मार्गदर्शकाला मात्र हा मुलगा अडचणीचा वाटतो. योजना म्हटली की तो मुलगाही त्या योजनेतच बसवावा लागतो, आणि तसं बसवायला चांगल्या माणसाची जीभ रेटत नाही. म्हणून मग त्याला वगळलं जातं.

वगळण्याची ही पद्धत एका माणसाच्या लबाडीतून आलेली नाही. १९७७ मध्ये पीटर मार्शल आणि डेव्हिड मॅन्युएल यांचं ‘द लाइट अँड द ग्लोरी’ हे पुस्तक आलं. अमेरिकेसाठी ईश्वराची खास योजना होती, ती इतिहासात शोधायची, ही त्याची मांडणी. ख्रिस्ती घरांत आणि शाळांत ते खूप वाचलं गेलं. अडचण अशी की उत्तर आधी ठरलं की पुरावा गोळा करणं सोपं होतं. पुरावा तपासण्याची गरजच उरत नाही.

याचं ठळक उदाहरण म्हणजे थॉमस जेफरसन. अनेक वर्षं सांगितलं जातं की जेफरसनला धर्म आणि राज्य वेगळं नको होतं. तो अध्यक्ष असताना संसदेच्या इमारतीतल्या रविवारच्या प्रार्थनेला जात असे, हा त्याचा पुरावा. ही माहिती खरीच आहे. ३ जानेवारी १८०२ च्या रविवारी तो तिथे हजर होता. पण त्याच्या दोनच दिवस आधी, १ जानेवारीला, त्याने कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं होतं, ज्यात धर्म आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख आहे. त्या राज्यात काँग्रिगेशनल चर्च हे सरकारमान्य चर्च होतं आणि ती व्यवस्था १८१८ पर्यंत टिकली. त्या चर्चच्या करातून सूट हवी असेल तर बाप्टिस्टांना आपण वेगळ्या पंथाचे असल्याचा दाखला द्यावा लागे. त्या रविवारी संसदेत प्रवचन करणारा जॉन लेलँड हाही बाप्टिस्ट होता. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांनी अध्यक्षासाठी बनवलेला चीजचा अवाढव्य गोळा घेऊन तो आला होता. तो आयुष्यभर चर्च आणि सरकार यांच्या फारकतीसाठी झगडला. म्हणजे ती भिंत धर्मद्वेष्ट्यांनी मागितलेली नव्हती. बहुसंख्यांच्या धर्माखाली दबलेल्या श्रद्धाळू अल्पसंख्यांनी ती मागितली होती. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तर मुलाला जेफरसन कळतो. एकच सांगितली तर फक्त आजचं राजकारण कळतं.

२०१२ मध्ये डेव्हिड बार्टन या लेखकाचं जेफरसनवरचं पुस्तक त्याच्याच ख्रिस्ती प्रकाशकाने बाजारातून मागे घेतलं, कारण त्यातल्या काही तपशिलांवर प्रकाशकाचा विश्वास उरला नव्हता. त्या पुस्तकातल्या चुका दाखवण्यात पुढे होते वॉरन थ्रॉकमॉर्टन आणि मायकेल कोल्टर, दोघेही एका ख्रिस्ती महाविद्यालयातले प्राध्यापक. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. आपल्याच लोकांची आवडती गोष्ट खोटी आहे, असं सांगायला श्रद्धा सोडावी लागत नाही. उलट त्या दोघांना आपल्या श्रद्धेसाठीच ते सांगणं भाग वाटलं.

आता बस विल्यम्सबर्गला येते. जुन्या व्हर्जिनियाची ही राजधानी अठराव्या शतकासारखी जपून ठेवली आहे. घोडागाड्या, जुने पोशाख, छापखाना, मुलांना फार आवडतं. या एका गावात श्रद्धेच्या इतिहासाचे तीन धागे आहेत. पहिला: १७६० मध्ये लंडनच्या एका ख्रिस्ती धर्मादाय मंडळाने इथे कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली. १७७४ पर्यंत ॲन वेजर या एकट्या शिक्षिकेने ती चालवली. तीन ते दहा वर्षांची तीन-चारशे मुलं तिथे शिकून गेली असावीत, असा अंदाज आहे. बहुतेक गुलाम, काही मुक्त. त्यांना वाचायला शिकवलं, प्रार्थना शिकवल्या, आणि धन्याची आज्ञा पाळणं हाच धर्म आहे, हेही शिकवलं. अक्षर आणि बेडी एकाच हाताने दिली. त्या शाळेची मूळ इमारत २०२० मध्ये ओळखली गेली आणि २०२३ मध्ये जपणुकीसाठी हलवण्यात आली. दुसरा धागा: १७७६ मध्ये इथल्या गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीयांनी स्वतःचं बाप्टिस्ट चर्च सुरू केलं. सुरुवातीला ते गावाबाहेर, झाडाझुडपांच्या आडोशाला जमत. त्यांची नंतरची इमारत १९५० च्या दशकात पाडली गेली आणि त्या जागेवर फरसबंदी होऊन गाड्या उभ्या राहू लागल्या. २०२० मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं तेव्हा खाली पायाचे अवशेष मिळाले आणि साठहून अधिक कबरी. तिसरा धागा आपल्या ओळखीचा आहे: १७६५ मध्ये कायद्याचा विद्यार्थी असलेल्या जेफरसनने याच गावातल्या छापखान्याच्या दुकानातून कुराणाचा इंग्रजी अनुवाद विकत घेतला.

हे तिन्ही धागे एकत्र पाहिले की ‘श्रद्धेने देश घडवला’ हे वाक्य खोटं ठरत नाही. ते मोठं होतं. कुणाच्या श्रद्धेने, कुणाच्या श्रद्धेवर पाय देऊन, हे प्रश्न त्यात येतात.

विल्यम्सबर्गपासून मोटारीने तासाभराच्या आत हॅम्प्टन येतं आणि खाडीपलीकडे नॉरफोक. घरी शिकणाऱ्या मुलांच्या सहलीने एकच थांबा घ्यायचा असेल तर तो इथे घ्यावा, असं आम्हाला वाटतं. १८३१ मध्ये व्हर्जिनियाने कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी जमणं हा गुन्हा ठरवला. नॉरफोकमध्ये मार्गारेट डग्लस नावाची एक गोरी स्त्री आपल्या मुलीच्या मदतीने राहत्या घरात मुक्त कृष्णवर्णीय मुलांना वाचायला शिकवत होती. ती गुलामीविरोधी चळवळीतली नव्हती. एके काळी तिच्याकडेही गुलाम होते. १८५३ मध्ये पोलिसांनी तिच्या घरावर छापा घातला. तिने कोर्टात विचारलं की शहरातल्या प्रतिष्ठित चर्चच्या रविवारच्या वर्गात याच मुलांना शिकवलं जातं, मग गुन्हेगार मी एकटीच का? तिला महिन्याची कैद झाली.

आणि हॅम्प्टनमध्ये मेरी पीक. ती मुक्त कृष्णवर्णीय होती, शिवणकाम करून जगत होती आणि कायदा मोडून लोकांना गुपचूप घरी शिकवत होती. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. शेजारच्या मन्रो किल्ल्यात उत्तरेचं सैन्य होतं. मे महिन्यात तीन गुलाम धन्याकडून पळून त्या किल्ल्याच्या आश्रयाला आले. सेनापतीने त्यांना परत द्यायला नकार दिला आणि मग शेकडो माणसं येऊ लागली. त्यांच्या मुलांना मेरी पीक एका ओकच्या झाडाखाली उघडपणे शिकवू लागली. एका ख्रिस्ती मिशनरी संस्थेने तिला पाठबळ दिलं. ते झाड आज हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात आहे. १८६३ मध्ये गुलाम मुक्त केल्याचा लिंकनचा जाहीरनामा त्याच झाडाखाली लोकांना वाचून दाखवण्यात आला. योगायोग म्हणा किंवा आणखी काही, पण व्हर्जिनियात आणलेले पहिले आफ्रिकी लोक १६१९ मध्ये जिथे उतरवले गेले ती जागाही तीच, जिथे पुढे मन्रो किल्ला बांधला गेला.

घरी शिकवण्याचा हक्क किती मोलाचा आहे, हे सांगायला या दोन बायकांपेक्षा चांगलं कोण? तरी ‘घरी शिकवण्याचं स्वातंत्र्य’ म्हणताना त्यांची नावं क्वचितच घेतली जातात. त्यांचं नाव घेतलं की विचारावं लागतं: त्यांना शिकवू न देणारे कोण होते? ते रविवारी कुठल्या चर्चमध्ये बसत? स्वातंत्र्याची गोष्ट सांगताना खलनायक म्हणून दूरचं सरकार, राजा किंवा नास्तिक सोयीचे असतात. आपल्याच पंथातला शेजारी सोयीचा नसतो.

शेवटचा मुक्काम वॉशिंग्टन. २०१७ मध्ये इथे बायबलचं एक भव्य संग्रहालय उघडलं. ते उभारण्यात इव्हँजेलिकल ख्रिस्ती देणगीदारांचा मोठा वाटा आहे आणि अशा सहली तिथे जातात. त्याच संग्रहालयाने २०१८-१९ मध्ये एक प्रत मांडली होती: १८०७ मध्ये लंडनमध्ये, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी छापलेलं बायबल. त्यातून जुन्या कराराचा बहुतेक भाग काढून टाकला होता. मोशे आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढतो ती हकिकत त्यात नव्हती. गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी हे सांगणारा भाग मात्र जपून ठेवला होता. ज्यांनी हा ग्रंथ ईश्वराचा शब्द म्हणून छापला, त्यांनीच त्या शब्दाला कात्री लावली. आणि ज्यांनी हे लोकांसमोर मांडलं, तेही बायबल मानणारेच होते. आम्हाला वाटतं, श्रद्धेने इतिहास पाहणं म्हणजे काय, याचा नमुना तोच आहे.

याच शहरात, काँग्रेसच्या ग्रंथालयात, जेफरसनचं ते कुराण आहे. २००७ मध्ये कीथ एलिसन या पहिल्या मुस्लिम खासदाराने शपथविधीसाठी ते मागून घेतलं होतं. त्याच ग्रंथालयात उमर इब्न सैद यांची अरबी आत्मकथा आहे. आजच्या सेनेगलमधल्या फुटा टोरो भागातले हे विद्वान १८०७ मध्ये पकडून चार्ल्सटनला विकले गेले. पुढची पन्नासहून अधिक वर्षं ते गुलामच राहिले. १८३१ मध्ये त्यांनी अरबीत आपली आत्मकथा लिहिली आणि तिची सुरुवात सूरह मुल्कने केली. सगळी सत्ता कुणाच्या हाती आहे, हे सांगणारी ही सूरह एका गुलामाने धन्याच्या देशात बसून लिहिली, आणि धन्याला ती लिपी वाचता येत नव्हती. अमेरिकेच्या धार्मिक इतिहासातलं हे एक मोलाचं पान आहे.

आणि इथेच आपण सावध व्हायला हवं. जेफरसनच्या कुराणाचा फोटो आपल्या फोनवर किती वेळा येतो! ‘पाहा, अमेरिकेच्या संस्थापकाकडेही कुराण होतं.’ पण जेफरसनने ते घेतलं म्हणजे मानलं असं नाही; आणि त्याने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून ठेवली. फोटोखाली हे लिहिलेलं नसतं. म्हणजे थांबा निवडण्याची तीच चलाखी आपणही करतो. फक्त बस वेगळी.

हजरत बिलाल यांची कहाणी आपल्या घरात मुलं बोलायला लागली की सांगितली जाते. तापलेल्या वाळूवर छातीवर दगड ठेवलेला गुलाम, त्यांना विकत घेऊन मुक्त करणारे हजरत अबू बक्र, आणि मग इस्लामचे पहिले मुअज्जिन. ही कहाणी खरी आहे आणि सुंदर आहे. पण तिच्यापुढे आपली बस थांबत नाही. त्यानंतर शतकानुशतकं मुस्लिम राजवटींत आणि मुस्लिम व्यापाऱ्यांच्या हातून आफ्रिकेतली माणसं विकली गेली. सौदी अरेबियात गुलामी कायद्याने बंद झाली ती १९६२ मध्ये, मॉरिटानियात १९८१ मध्ये. हे मुलाला कधी सांगायचं? कुणी सांगायचं? आपण सांगितलं नाही तर ते त्याला एखाद्या द्वेषाने भरलेल्या व्हिडिओतून कळेल, आणि तेव्हा उत्तर द्यायला आपण जवळ नसू.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं खुलताबादला जियारतीला जातात. तिथेच मलिक अंबरची कबर आहे. निजामशाहीचा वजीर, मोगलांना दख्खनमध्ये दमवणारा सेनानी, १६१० मध्ये खडकी वसवणारा, त्या शहरात दुरून नहर खेळवणारा. आपण अभिमानाने एवढं सांगतो. पण हा माणूस इथे आला कसा? हबशी मुलखातलं एक पोर, घरापासून तोडलेलं, अरबस्तान आणि बगदादच्या बाजारांतून हातोहात विकलं गेलेलं, आणि शेवटी दख्खनमधल्या एका सरदाराने विकत घेतलेलं. विकणारे आणि घेणारे कोण होते? अंबर मोठा झाला हे खरं. त्याच्याबरोबर विकली गेलेली आणि मोठी न झालेली पोरं कुठे पुरली गेली, हे कुणाला ठाऊक नाही. त्या कबरीपाशी मुलांना उभं करून हेही सांगितलं तर मलिक अंबर लहान होत नाही. तो किती खोल खड्ड्यातून वर आला, हे उलट तेव्हाच कळतं.

अमेरिकेच्या या इतिहासाचा आपल्या मातीशी एक जुना धागा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी स्वार्थ बाजूला ठेवून कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. ज्या शतकात व्हर्जिनियात अक्षर शिकवणाऱ्या बाईला तुरुंगात टाकलं गेलं, त्याच शतकात पुण्यात मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवणाऱ्या जोडप्याला घर सोडावं लागलं. फुल्यांना हजारो मैलांवरचे ते लोक आपले वाटले. त्यांनी अमेरिकेला सरसकट थोर म्हटलं नाही आणि सरसकट पापी ठरवलं नाही. आपल्याच समाजाच्या अन्यायाविरुद्ध जे उभे राहिले, नेमका त्यांना त्यांनी सलाम केला. इतिहासात आपली माणसं निवडायची तर अशी निवडावीत. मग ती कुठल्या देशाची आणि कुठल्या धर्माची, हा प्रश्न मागे पडतो.

श्रद्धा आणि इतिहास यांचं भांडण लावून देणं आम्हाला मान्य नाही. न्यायासाठी साक्ष देताना ती स्वतःच्या, आईबापांच्या आणि नातलगांच्या विरोधात जात असली तरी द्या, ही आपल्याकडची शिकवण आहे. सूरह निसामध्ये ती स्पष्ट आली आहे. मशिदीतल्या वाजात आपण ती ऐकतो. इतिहास सांगताना ती लागू करायची हिंमत मात्र कमी पडते. तिथे आपण साक्षीदार न राहता वकील होतो. आजच्या वातावरणात याचं कारणही समजण्यासारखं आहे. आपला इतिहास रोज चिखलात ओढला जात असताना त्याचा दोष आपणच का सांगायचा, असं वाटतं. पण खोट्या आरोपाला खऱ्या माहितीने उत्तर देता येतं. गाळलेल्या माहितीने नाही. ज्या तरुणाला आपल्या इतिहासाची काळी पानं घरात, प्रेमाने कळली आहेत, त्याला बाहेर कुणी ती तोंडावर फेकली तर तो डगमगत नाही. ज्याला फक्त सोनेरी पानं दिली, तो पहिल्याच धक्क्याला एक तर चिडतो, नाहीतर सगळंच सोडून देतो.

तुमच्यापैकी अनेकजण आता स्वतः मुलांना शिकवू लागला आहात. कुणी मक्तबमध्ये, कुणी शिकवणीत, कुणी धाकट्या भावंडांना, कुणी आपल्या लेकरांना. सुट्टीत त्यांना घेऊन दौलताबादला, खुलताबादला, विजापूरला जाल. तेव्हा निघण्याआधी एक काम करा. यादीतल्या थांब्यांशेजारी एक कोरा रकाना ठेवा आणि विचारा: इथे जो इतिहास आपण सांगणार आहोत, त्यात कुणाचा आवाज येत नाही? किल्ला कुणी बांधला, हे फलकावर असतं. दगड कुणी वाहिले, हे शोधावं लागतं. दर्ग्याच्या भिंतीपर्यंत कुणाला येऊ दिलं आणि कुणाला नाही, बायकांना कुठवर जाऊ देतात, शेजारच्या गावातले दलित आणि आदिवासी या जागेबद्दल काय सांगतात, हे मुलांना स्वतः विचारायला लावा. उत्तरं नेहमी आपल्या सोयीची येणार नाहीत. मुलांना ती पेलतात. न पेलण्याची भीती बहुधा मोठ्यांचीच असते.

अमेरिकेतल्या त्या बसमधल्या मुलांसाठीही आमची इच्छा एवढीच आहे. त्यांनी प्रार्थना करावी, प्लिमथच्या त्या उंच मूर्तीखाली उभं राहावं, आपल्या पूर्वजांच्या धैर्याचा अभिमान बाळगावा. मग कुणीतरी मोठ्या माणसाने त्यांना कोल्स हिलवर न्यावं आणि नऊ वर्षांच्या त्या मुलाबद्दल सांगावं. हॅम्प्टनच्या झाडाखाली बसवावं आणि मेरी पीकबद्दल सांगावं. प्रश्न ती मुलं स्वतःच विचारतील. आपल्या मुलांनी खुलताबादला असाच प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प करू नका.